उलट हाताचा ब्रॅकेट

नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी मला एकच काम सांगितलं. "वर्तुळ काढ." मी पेटी उघडली, कंपास काढला, त्यात शिसं बसवलं, ते घासून टोकदार केलं आणि कागदावर असं वर्तुळ काढलं की पॉलिटेक्निकच्या आमच्या सरांचे डोळे पाणावले असते. मुलाखत घेणारे गृहस्थ आपले घड्याळाकडे बघत बसलेले. "दोन मिनिटं दहा सेकंद," ते म्हणाले. "आणि हातात बांगड्या कशाला घातल्यास?"

मला वाटलं, इथे बांगड्या चालत नसाव्यात. मी घाईघाईनं त्या उतरवायला लागले. त्यांनी त्यातली एक घेतली, कागदावर ठेवली, आतून पेन्सिल फिरवली आणि बांगडी मला परत केली. "चार सेकंद. हातात दोन-दोन वर्तुळं घालून आलीस आणि कंपास शोधत बसलीस. सोमवारपासून ये. सहा महिने प्रोबेशन."

आमची कंपनी क्रेन बनवायची. कारखाना हावड्याला, आणि ड्रॉइंग ऑफिस नदीच्या या बाजूला, कलकत्त्यात डलहौसीजवळच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट होती, आणि ती चालताना पाहिलेले दोन-तीन वृद्ध अजून नोकरीत होते. ड्राफ्ट्समन मंडळी पेन्सिलीनं ड्रॉइंग काढत. मी ट्रेसर. म्हणजे त्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद पसरून मी ते शाईनं गिरवायचे, मग त्याच्या अमोनिया प्रिंट निघायच्या आणि लाँचमधून हावड्याला रवाना व्हायच्या. या सगळ्यावर हेड ड्राफ्ट्समन म्हणून हे मुलाखतवाले गृहस्थ. बंगाली मंडळी त्यांना बडोबाबू म्हणत. मी ऑफिसात सर म्हणायचे आणि महाराष्ट्र मंडळात काका.

त्यांचं घराणं आजोबांपासून कलकत्त्याचं, राहायला बराकपूरला. आम्ही बदलीवाले. माझे वडील केंद्र सरकारच्या खात्यात होते, पण कलकत्त्याला पाठवून सरकार त्यांना विसरलं असावं, कारण दहा वर्षं आम्ही तिथेच होतो. माझं शिक्षण, मैत्रिणी, भांडणं, सगळं बंगालीत झालं होतं. "तुझं मराठी ट्रेसिंग पेपरसारखं आहे," ते एकदा म्हणाले. "खालचं बंगाली दिसतं."

"काढलेली रेघ म्हणजे हरलेली रेघ," हे त्यांचं ब्रीद. हलवायानं साखरेशी वैर धरावं, तसं या ड्रॉइंग ऑफिसच्या प्रमुखाचं ड्रॉइंग काढण्याशी वैर होतं. जी गोष्ट एकदा काढली ती पुन्हा काढायची नाही. खिडकीखाली त्यांचं एक कपाट होतं, त्याला बारीक बारीक खण. एकात बोल्ट, एकात बेअरिंग, एकात आकडे, एकात चढायच्या शिडीच्या पायऱ्या. सगळं कागदाच्या तुकड्यांवर एकदाच, सुबक काढून ठेवलेलं. नवं ड्रॉइंग आलं की हवा तो तुकडा ट्रेसिंगखाली सरकवायचा आणि गिरवायचं. खणांवर नंबर होते. ते मान वर न करता "सतरा" म्हणाले की मी बेअरिंग सरकवायचं. पहिल्या आठवड्यात मी बेअरिंगच्या जागी शिडी गिरवली. दुसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी आईला भाजी वाढतानासुद्धा माझ्या डोक्यात नंबर फिरायला लागले.

कामाचा वेग तिप्पट झाला होता, यात खोटं नाही. इतर ऑफिसांत आठवडा लागणारं ड्रॉइंग आमच्याकडे दोन दिवसांत निघायचं. फक्त ते कपाट जे म्हणेल ते खरं, अशी त्यात एक अडचण होती. हातचाकाच्या तुकड्यावर माझ्या आधीच्या ट्रेसरच्या हातून शाईचा एक थेंब पडला होता. तो थेंब कुणीही इमानेइतबारे गिरवायचं. कारखान्यात त्या ठिकाणी इमानेइतबारे भोक पाडलं जायचं. भोक कशाला आहे, हे कुणी विचारलं नाही. हेडमिस्त्रींनी आपल्या मनानं ठरवून टाकलं की हे तेलाचं भोक, आणि त्यात तेल सोडायला सुरुवात केली. शेवटी मी तो थेंब खरवडून काढला, तर पुढच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं तक्रारीचं पत्र आलं की नव्या हातचाकाला तेलाचं भोक नाही, मालाचा दर्जा घसरला आहे. सरांनी पत्र वाचलं आणि मला तो थेंब परत द्यायला लावला.

बोलण्यातही काटकसर. शिपायाला हाक मारण्यात वेळ जातो म्हणून टेबलावर टकटक करायची पद्धत त्यांनी काढली. एक टकटक म्हणजे रबर, दोन म्हणजे प्रिंट, तीन म्हणजे चहा. पद्धत उत्तमच होती. पण विचार करताना बोटांनी टेबल वाजवायची त्यांची जुनी सवय होती आणि ती त्यांना स्वतःला ठाऊक नव्हती. गिअरबॉक्सचं एखादं अवघड काम आलं की तासाभरात त्यांच्यासमोर रबरांचा ढीग आणि सहा कप चहा जमा व्हायचा. "हा माणूस कामात गोंधळ करतो," ते शिपायाबद्दल म्हणायचे. शिपाई बिचारा बिहारचा, वयानं त्यांच्याएवढा. तो एकदा मला म्हणाला, "बडेबाबू का दिमाग बहुत चाय पीता है."

जेवताना ते काम करत. किंवा काम करताना जेवत. कोणतं मुख्य आणि कोणतं सोबतीला, हे बघून कळायचं नाही. पोळीत भाजी गुंडाळून ती डाव्या हातात, उजव्या हातात पेन्सिल. एका वेळी एकच गोष्ट करणाऱ्या माणसाची त्यांना दया यायची. त्यामुळे शेजारच्या टेबलावरचे दत्तबाबू डबा उघडून इलिश माशाचा एकेक काटा वेगळा काढत बसले की यांचा जीव कासावीस व्हायचा. एकदा न राहवून ते म्हणाले, "दत्तबाबू, चाळीस मिनिटं! एवढ्या वेळात आख्खी क्रेन उभी राहते." दत्तबाबूंनी तोंडातला काटा सावकाश काढून डब्याच्या कडेला ठेवला. "बडोबाबू," ते म्हणाले, "ता होले आर बाँचबो केनो?" मग जगायचं कशासाठी? तेवढ्यात सरांची क्रेनची एक बाजू काढून झाली होती.

मंडळाच्या गणेशोत्सवात एक वर्ष व्यवस्था त्यांच्याकडे आली. त्यांनी प्रत्येक आरतीचं पहिलं कडवं ठेवलं आणि बाकी गाळली. प्रसादाच्या रांगेसाठी जमिनीवर खडूनं बाण काढले, चपलांना नंबर दिले, आणि जो कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या तासभर चालायचा तो अकरा मिनिटांत उरकला. बायका नऊवारी नेसून टॅक्सी करून टालीगंजपासून आल्या होत्या. माझ्या आईनं त्यांना भर मांडवात विचारलं, "काका, आता उरलेल्या वेळात आम्ही काय करायचं?" ते गोंधळले. हा प्रश्न त्यांना खरोखर पडलेला नव्हता. बायकांनी मग सगळ्या आरत्या पहिल्यापासून, पूर्ण, आणि मुद्दाम संथ म्हटल्या. तेही एका कोपऱ्यात घंटा वाजवत उभे राहिले, आणि दुसऱ्या हातानं चपलांचे नंबर तपासत राहिले.

वाचवलेल्या वेळाचं ते काय करतात, हे मला कळलं होतं. ते तो वेळ आणखी वेळ कसा वाचेल याचा विचार करण्यात घालवत. दुसरं कुणी असतं तर मी त्याला वेडा म्हणून मोकळी झाले असते. पण हा वेडा मला शिकवत होता. कुठली रेघ आधी ओढली म्हणजे शाई वाळायची वाट बघावी लागत नाही, कागद कुठल्या बाजूनं ताणायचा, अक्षरं शेवटी एकदम का काढायची. पाच महिन्यांत मी ऑफिसातली सगळ्यात वेगवान ट्रेसर झाले होते. ऑफिसात ट्रेसर दोनच होत्या हे खरं, तरी मला त्याचा गर्व होता.

आणि पाचव्या महिन्यात सरकारला आमची आठवण झाली. वडिलांची नागपूरला बदली. आईनं ट्रंका काढल्या. नागपूरला माझ्यासाठी एक स्थळही तयार होतं, सिमेंट कंपनीतला इंजिनियर, मुलगा सालस, डोळे मिटून करावं असं. मी डोळे उघडे ठेवून नाही म्हटलं. घरात चार दिवस कुणी धड जेवलं नाही. शेवटी वडिलांनी तोड काढली. "नोकरी पक्की झाली तर बायकांच्या होस्टेलात राहा. नाही झाली तर मुकाट्यानं आमच्याबरोबर चल." कन्फर्मेशनचं पत्र यायला महिना होता. सरांनी माझ्या नावाची शिफारस केलेलीच होती. एक महिना हातून काही चूक होऊ द्यायची नाही, एवढंच मला करायचं होतं.

त्याच महिन्यात खिदिरपूरच्या गोदीतल्या एका क्रेनचं काम आलं. क्रेनच्या ड्रायव्हरची केबिन दोन बाजूंनी दोन ब्रॅकेटवर बसायची होती. उजवा आणि डावा. हुबेहूब एकमेकांच्या उलट, आपल्या दोन हातांसारखे. असं काम आलं की सगळ्या जगात एकच ब्रॅकेट काढतात आणि खाली लिहितात, एक दाखवल्याप्रमाणे, एक उलट हाताचा. कारखान्यातले लोक समजून घेतात. पण सरांना ते आता खटकायला लागलं होतं. "म्हणजे मिस्त्रीनं मनात उलटा करून बघायचा. त्यात त्याचा वेळ जातो. चुकण्याचा धोका आहे." सोपी गोष्ट सुधारायची त्यांना खोडच होती.

त्यांनी उजव्या ब्रॅकेटचं माझं ट्रेसिंग घेतलं, प्रिंटच्या मशिनात पालथं घातलं आणि प्रिंट काढली. बाहेर आला तो बिनचूक डावा ब्रॅकेट. एकही रेघ न ओढता! फक्त त्यावरची सगळी अक्षरं आणि आकडेही उलटे आले होते. "त्यात काय," ते म्हणाले, आणि धरमतल्ल्याहून दाढीचे सहा छोटे आरसे मागवले. मी त्यांना इतकं खुश कधीच पाहिलं नव्हतं. अर्धी क्रेन फुकट मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

प्रिंट आणि आरसे घेऊन मला हावड्याला पाठवलं. निघताना त्यांनी, त्यांच्या मानानं भाषणच केलं. "मिस्त्रीला दोन वाक्यं सांग. आकडे आरशात वाचा. आकार कागदावरच बघा. दोन्ही सांग."

कारखान्यात कान फुटेल असा ठणठणाट होता. हेडमिस्त्री उत्तम कारागीर, पण कानानं थोडे कमी, आणि माझी परतीची लाँच सुटायला दहा मिनिटं होती. मी आरसा त्यांच्या हातात दिला, प्रिंट त्यात दाखवली आणि ओरडून म्हटलं, "आयनाय देखे पोडबेन, मिस्त्रीदा!" आरशात बघून वाचा. त्यांना ते भलतंच आवडलं. "बुझे गेछि, दिदिमोनि," ते म्हणाले. समजलं. समजलं म्हणतायत, तर दुसरं वाक्य कशाला? मी धावत जाऊन लाँच पकडली. एक वाक्य आणि एक लाँच वाचवली म्हणून मी नदीभर स्वतःवर खुश होते, हे आज लिहितानासुद्धा कान गरम होतात.

मिस्त्रींनी सगळंच्या सगळं आरशात बघितलं. आकडे आणि आकारही. आरसा खिळ्याला टांगून, त्यात बघून त्यांनी पत्र्यावर खुणा केल्या. उलट्याचं आरशात काय होतं? सुलट. त्यांनी इतक्या काळजीनं, इतक्या बारकाईनं दुसराही उजवाच ब्रॅकेट बनवला की त्या वर्षात तसं सुबक काम झालं नसेल.

फोन आला तेव्हा मी टेबलाशीच होते. गोदीत केबिन दोरखंडाला लोंबत होती, खाली अधिकारी उभे होते, एका बाजूचा ब्रॅकेट चपखल बसला होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचा जुळा भाऊ कसाही फिरवला तरी बसत नव्हता. सर छत्री घेऊन निघाले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र त्यांच्या फोनवरच्या दोन वाक्यांतच ओळखलं की काय झालं आणि कुणामुळे. उरलेला दिवस मी एकच बोल्ट गिरवत बसले. घरी गेले तर आई माझ्या साड्या तिसऱ्या ट्रंकेत भरत होती, जणू तिला आधीच कळलं होतं. मी तिला थांबवलं नाही.

दोन दिवसांनी मॅनेजरच्या केबिनमध्ये चौकशी झाली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ट्रेसर म्हणून माझी सही होती. मॅनेजरांना तेवढी पुरेशी होती. ते इंग्रजीत म्हणाले, की या मुलीचं प्रोबेशन चालू आहे, तेव्हा कुणाला त्रास न होता हे प्रकरण मिटू शकतं. कुणाला म्हणजे मी सोडून इतरांना.

"काढून टाका," सर म्हणाले. "मग नवीन ट्रेसर येईल. हिला शिकवायला मला पाच महिने लागले. ते मी पुन्हा करणार नाही. मी कुठलंही काम दोनदा करत नाही, हे आपल्याला माहीत आहे."

"पण कारखान्यात सूचना कुणी द्यायची होती?"

"मी. दिली नाही. विसरलो."

"तुम्ही विसरलात?" मॅनेजरांचा विश्वास बसत नव्हता. दत्तबाबूंनासुद्धा नंतर बसला नाही.

"सूचना हिच्यातर्फे पाठवायची होती. मी हिला काही सांगितलंच नाही. हिनं फक्त पुडकं नेऊन दिलं. सही कुठे करू?"

मी तिथेच उभी होते. तोंड उघडायचं होतं आणि एकच वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. मला कलकत्ता हवं होतं. त्या क्षणी मला सत्यापेक्षा, त्यांच्यापेक्षा कलकत्ता जास्त हवं होतं, आणि त्याला मी आजही दुसरं नाव शोधत नाही. त्यांनी कागदावर सही केली, पेन बंद केलं. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत नऊ मिनिटं झाली होती.

पुढच्या आठवड्यात हेड ड्राफ्ट्समनच्या खुर्चीत दत्तबाबू बसले. ऑफिसात इलिशला मुभा मिळाली. खणांचं कपाट भिंतीकडे तोंड करून ठेवण्यात आलं, दोन्ही ब्रॅकेट वेगवेगळे, पूर्ण काढायचे असा हुकूम निघाला, आणि हावड्याचे मिस्त्री लोक सहा आरशांत दाढी करू लागले. सरांना तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. जुनी ड्रॉइंगं, झुरळं आणि गेल्या महायुद्धापासून न उघडलेली एक खिडकी यांचे ते प्रमुख झाले. निवृत्तीला चार वर्षं होती.

माझं कन्फर्मेशनचं पत्र वेळेवर आलं. वडिलांनी शब्द पाळला. हावडा स्टेशनवर नागपूरची गाडी सुटताना आई रडली, वडिलांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "स्वतःच्या गुणांवर मिळवलंस." तो हात मला सहन होईना. गाडी गेली तशी मी थेट ऑफिसात गेले, आणि चार मजले चढायच्या ऐवजी तळमजल्यावर वळले.

ते एका कुजक्या ड्रॉइंगची घडी उलगडत होते. मी वाटेत ट्राममध्ये सगळं जुळवून आणलं होतं, कारणं, माफी, मॅनेजरकडे जाऊन खरं सांगायची तयारी.

"सर, मला सांगायचंय—"

"मिस्त्रीला एकच वाक्य सांगितलंस, तेच ना?"

मी मान डोलावली.

"खिदिरपूरहून मी सरळ हावड्यालाच गेलो होतो. तो म्हणाला, दिदिमोनींनी सांगितलं तसंच केलं. बरोबर केलं त्यानं."

"तुम्हाला माहीत होतं? मग मॅनेजरना का नाही सांगितलंत?"

"दोघांची चौकशी लांबते गं," ते म्हणाले. "एकाची लवकर आटपते."

मी रडायला लागले. स्टेशनवरचं, केबिनमधलं, लाँचमधलं सगळं एकदम आलं आणि थांबेना. त्यांनी हातातलं ड्रॉइंग खाली ठेवलं. मी रडत होते तितका सगळा वेळ ते माझ्यासमोर नुसते उभे राहिले, आणि त्या वेळात त्यांनी दुसरं काहीही केलं नाही.